तीन वाजेपर्यंत

५ मार्च, राखेचा बुधवार

चर्चमध्ये सकाळी सहाची मिस्सा. कपाळावर राख घेऊनच भद्रावतीहून चंद्रपूर डेपोत. मूलच्या स्टँडवर एका बाईने तिकीट घेता घेता सांगितलं, "कंडक्टर भाऊ, कपायाले काजळी लागली न." म्हटलं, असू द्या बाई, मुद्दाम लावली आहे. तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

लुसीला (पुढे लु. लिहीन, हात दुखतो) सव्विसावा आठवडा लागला. दोन वर्षांपूर्वी पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हापासून पोटात एक मूठ आवळलेली आहे, ती सुटतच नाही. सिकल, म्हणजे रक्ताचा सिकलसेल आजार, तिला आमच्याकडून आली. अर्धी माझी, अर्धी तिच्या आईची. आम्हा दोघांना आयुष्यात कधी त्रास नाही आणि पोरीची हाडं मात्र दुखायला लागली की रात्रभर झोप नाही. लहानपणी तिला मांडीवर घेऊन पाय चोळायचो, तेव्हा वाटायचं, ही पोर माझंच काहीतरी भोगते आहे.

यंदा देवाला शब्द दिला. ईस्टरआधीच्या उपवासकाळातले सगळे शुक्रवार निर्जळी, दुपारी तीनपर्यंत. प्रभू येशूने प्राण सोडला त्या घटकेपर्यंत. चर्चचा असा नियम नाही, शुक्रवारी मटण-कोंबडी नको एवढंच. पण आई करायची. शेजारच्या बाया हरितालिकेला थेंब घेत नाहीत, मग आपण का कमी पडायचं, असं तिचं म्हणणं. मला ते पटलेलं आहे. पाणी पिऊन केलेला उपास मला उपासासारखा वाटतच नाही.

बाळ-बाळंतीण सुखरूप. एवढंच मागितलं.

७ मार्च, शुक्र.

पहिला. चंद्रपूर–चामोर्शी गाडी. सावलीपर्यंत घसा कोरडाठाक. दर स्टॉपला "पुढे सरका" ओरडायचं आणि वर पाणी नाही. टेकाम भाऊ (ड्रायव्हर, आठ वर्षांची आमची जोडी) आरशातून पाहत होता. गडचिरोलीला म्हणतो, "काऊन भाऊ, पाणी बी नाई का आज? तू पडला त मी गाडी चालवू का तुले उचलू?"

मी सांगितलं कशासाठी ते. विचार करून म्हणाला, "तुमच्या देवाले मानसं तहानलेलेच काऊन लागते? आमचा त आधी सोता पेते, मंग आमाले देते." आणि हसत सुटला. त्यांच्याकडे मोहाच्या दारूची धार आधी देवासाठी जमिनीवर सोडतात, मग पितात. मी म्हटलं, गाडी चालव.

संध्याकाळी लु.चा फोन. मार्थाने, म्हणजे तिच्या आईने, तिला माझ्या शुक्रवारांचं सांगितलेलं.

"बाबा, मी बी करू का?"

लु.च्या चंद्रपूरच्या डॉ. बाईंनी काय सांगितलंय ते मला तोंडपाठ आहे. दिवसाला तीन लिटर, तहान लागण्याची वाटच पाहायची नाही, रक्त घट्ट झालं की सिकल उसळते. मीच मोठ्या अक्षरात लिहून तिच्या चामोर्शीच्या घरी फ्रिजवर चिकटवलंय.

मग म्हणालो, "अर्धं कर. सकाळी उठल्याबरोबर पोटभर पी. मग तीनपर्यंत नको. तीननंतर भरून काढ." म्हणजे डॉ. बाईंचंही राहिलं आणि देवाचंही.

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. खूप बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी ती मूठ जराशी सैल झाली. मार्थाला बोललो नाही, ती लगेच डॉक्टर काढून बसते.

१४ मार्च, शुक्र. धुळवड

गाड्या कमी, सुट्टी मिळाली. घरी बसून निर्जळी जास्त कठीण, माठ समोर. ३.०५ला लु. "झालं बाबा." हसत होती. जावयाला, म्हणजे सुनीलला, लोकांनी पार निळा केलाय म्हणे. तो कृषी केंद्रात कामाला आहे, तिथल्याच पोरांनी धरला. खूप दिवसांनी तिला अशी हसताना ऐकलं.

१८ मार्च

सोनोग्राफी झाली. बाळ ठीक. वजन ठीक. सगळं ठीक.

दोन शुक्रवार झाले आणि सोनोग्राफी अशी. कुणाला बोललो नाही, पण मनात दोन्ही जोडलंच. कोण नाही जोडणार?

तरी रात्रभराची धास्ती आहेच. फोन वाजला की आधी उठून उभा राहतो, मग नाव बघतो. आज मोबाइल कंपनीचा होता. त्याला शिव्या घातल्या, मग क्षमा मागितली. त्याची नाही, देवाची.

२१ मार्च, शुक्र.

चामोर्शीला गाडी साडेबाराला लागते, एकला परत. लु. स्टँडवर आली होती, छत्री घेऊन, माझा संध्याकाळचा डबा घेऊन. पोट आता चांगलं दिसतं. शेडखाली उभे राहिलो. तिच्या ओठांवर पांढरी सालं निघालेली. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "तुमचे बी तसेच आहेत बाबा." दोघंही हसलो.

खरं लिहितो. त्या क्षणी मला अभिमान वाटला. बाप-लेक एका उपासावर. असं वाटलं की वरून कुणीतरी पाहत असेल तर आमच्याकडेच पाहत असेल.

टेकाम भाऊने आपली बाटली पुढे केली. "घे वो बाई, थंडं हाय." ती म्हणाली, "नको भाऊ, तीन वाजेपर्यंत नाई." त्याने तिच्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गडचिरोली येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. एरवी तो हॉर्नपेक्षा जास्त बोलतो.

२८ मार्च, शुक्र.

मोहाची फुलं पडायला लागली. सावलीच्या अलीकडे बाया टोपल्या घेऊन चढल्या, अख्ख्या गाडीत तो गोड आंबूस वास. त्यांच्या गावाकडे वाघ फिरतोय, तरी पहाटे जातातच. एकीला विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, "वाटते न. भेव धरून जातो अन् भेव धरून येतो." असं सरळ कुणी सांगत नाही.

लु. ३.१०. ठीक.

संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट, प्रभूच्या शेवटच्या वाटेचे चौदा मुक्काम. तेराव्या मुक्कामापाशी, जिथे मेलेल्या मुलाला आईच्या मांडीवर देतात, तिथे माझ्याने गुडघ्यावरून उठवेना. मार्थाने कोपर धरलं.

४ एप्रिल, शुक्र.

ऊन फार चढलं. तिकिटाच्या मशीनवर बोट ठेवलं तरी चटका.

लु.चा तीनचा फोन ३.४०ला. पस्तीस मिनिटं मी मशीन हातात घेऊन नुसता उभा. लोक सुटे मागत होते, मला ऐकूच येईना.

"पाय दुखून राह्यले जरासे."

"पाणी पिलीस?"

"पिली."

"मग झोप जरा."

सोडून दे म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं. आता दोनच राहिले, पुढचा आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. आता सोडलं तर आधीचंही मोडेल असं वाटलं. हे लिहितोय कारण तोंडाने कुणाला सांगता येत नाही.

७ एप्रिल

रोज विचारतो, पाय? रोज म्हणते, बरे. आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करतो. फोनवरचा आवाज खोटा असतो. ईस्टर झाला की तिला इकडे घेऊन येणार. मार्थाने खोली लावली. पाळण्याची दोरी दोनदा ओढून पाहिली, मग तिसऱ्यांदा.

११ एप्रिल, शुक्र.

गडचिरोली सोडून चामोर्शीच्या रस्त्याला लागलो होतो. गाडीत त्रेचाळीस माणसं. सुनीलचा फोन. "बाबा, लुसी लई किंचाळून राह्यली. कंबर, छाती, सगळं. १०८ बोलावली."

पंधरा मिनिटांनी समोरून ती आली, दिवा फिरवत. टेकाम भाऊने काही न विचारता गाडी कच्च्यात घेतली. माझी पोर माझ्या गाडीच्या बाजूने गेली आणि मी आत, गळ्यात मशीन. खिडकीतून काहीच दिसलं नाही. पडदा होता.

कंडक्टरने गाडी सोडून जायचं नसतं. त्रेचाळीस माणसं. पुढच्या स्टॉपला एक म्हातारा चढला, त्याला चामोर्शी द्यायचं तर मी गडचिरोली काढलं. त्याने तिकीट घडी करून खिशात ठेवलं, बिचारा.

चामोर्शीच्या कंट्रोलरने दुसरा माणूस दिला. जीपने मागे. तोवर लु.ला गडचिरोलीहून चंद्रपूरला हलवलं होतं, तिथे बाळांसाठी काचेच्या पेट्या जास्त आहेत.

एकतिसावा आठवडा.

१२ एप्रिल

दवाखाना. बायकांचा वॉर्ड, पुरुषांना चार ते पाच सोडतात. मार्था आत. मी जिन्यापाशी.

सलाईन दोन्ही हातांना. ऑक्सिजन. बाळाचे ठोके आहेत. आहेत. नर्सने मशीन लावून मला दारातून ऐकवले, दया आली असावी.

डॉ. बाईंनी सुनीलला विचारलं, "पाणी किती पीत होती?" तो म्हणाला, "भरपूर जी. बाटली बाजूलेच राह्यते." त्याला माहीतच नाही. शुक्रवारी तो दुकानात असतो, तिने त्याला कळू दिलं नव्हतं. डॉ. बाई म्हणाल्या, मग असं एकदम का झालं?

मी तिथेच उभा होतो. हाताच्या अंतरावर. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं चित्र होतं, ते वाचत राहिलो.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चला गेलो नाही. मार्था गेली, शिंदीची झावळी आणून लु.च्या उशीखाली ठेवली.

रक्त लागणार. हिमोग्लोबिन फार खाली. तिचा नि माझा गट एकच, मी धावत गेलो, बाही वर केली. रक्तपेढीतल्या मुलाने माझं सिकलचं कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही वाहक आहात. तुमचं रक्त तिला देता येणार नाही." छातीवरच्या बिल्ल्यावरही वाहक, कार्डावरही वाहक. बाही खाली केली.

म्हणजे माझ्याकडून तिला द्यायचं होतं ते देऊन झालं. आता घेण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

१४ एप्रिल

जयंतीच्या मिरवणुका, रस्ते बंद. टेकाम भाऊ स्टँडपासून पायी आला, उन्हाने लालबुंद. "मायं रक्त चालते का पाहा म्हनलं." चाललं. त्याने आधीच तपासून घेतलेलं होतं, त्याच्या भावाच्या पोराला सिकल आहे. आठ वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी त्याला माझंच सांगत आलो.

बाहेर पडताना त्याच्यासमोर उभा राहिलो. तो सगळं जाणतो. चामोर्शीच्या शेडखाली त्याने पाहिलंय.

"बोल न काई," मी म्हटलं.

"काय बोलू? तूच रोज सोताले बोलून राह्यला असशील." मग म्हणाला, "मी तवाच बोलाले पाह्यजे होतं. तुमच्या देवाचं म्हनून गप बसलो."

१६ एप्रिल, पवित्र बुधवार

दुखणं जरासं कमी. रात्री दोन तास झोपली, मार्था म्हणाली.

आमच्या चर्चचे फादर आले, लु.ला तेल लावून आजाऱ्यांचा अभ्यंग दिला. ते केरळचे, बारा वर्षांत मराठी पक्की झाली आहे. जाताना मी जिन्यात गाठलं. तिथेच पापनिवेदन केलं, खालून-वरून माणसं जात-येत होती. सगळं सांगितलं. फ्रिजवरचा कागद, अर्धं-अर्धं, ओठांवरची सालं, अभिमान. डॉ. बाईंसमोर गप्प राहिलो तेही.

वाटलं होतं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं,

"तुम्हाला कुणी सांगितलं देवाला हे पाहिजे म्हणून?"

"कुणी नाही."

"मग कुणाला पाहिजे होतं?"

प्रायश्चित्त म्हणून मला वाटलं शंभर रोजऱ्या, म्हणजे जपमाळा, सांगतील, अनवाणी चालायला सांगतील, मी तयार होतो. त्यांनी सांगितलं, "डॉक्टरांना खरं सांगा, आज. आणि मुलीला सांगा की हे देवाने मागितलं नव्हतं, मी मागितलं."

डॉ. बाईंना सगळं सांगितलं, फ्रिजवरच्या कागदासकट. त्यांनी फाइलमध्ये लिहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "काका, तुम्ही तर कागद लिहून चिकटवला होता ना?"

१७ एप्रिल

चार ते पाच मिळाले. लु.शी आंब्यांबद्दल बोललो. कैऱ्या यंदा कमी आहेत. पंख्याबद्दल बोललो. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या जुळ्यांबद्दल बोललो. पाच वाजता नर्सने बाहेर काढलं.

भ्याड माणूस.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

जायचंच नव्हतं. मार्थाने हाकललं. "जा तुमी. इथी बसून काय करून राह्यले? नुसता जीव खाऊन राह्यले माया." दरवर्षी प्रभूच्या दुःखसहनाच्या वाचनात निवेदकाचा भाग माझा असतो. तीनला सुरू होतं. सवयीने सकाळपासून पाणी घेतलेलं नव्हतं. सवयीनेच. मनात काही नव्हतं.

चर्च भरलेलं. आमच्या कॉलनीतली सगळी माणसं. मी वाचत होतो, तिसांवर वर्षं वाचतोय, शब्द आपोआप येतात. क्रुसापाशी आई उभी असते ते झालं. मग क्रुसावरून प्रभू तहान लागल्याचं सांगतो. ते वाक्य फादरांनी वाचलं.

पुढची ओळ माझी होती. मला ती दिसत होती. वाचवेना.

तीन वाजताच्या आधी, मरायच्या आधी, त्याने पाणी मागितलं होतं. मागितलं होतं. चारचौघांत, ज्यांनी खिळलं त्यांच्याकडेसुद्धा. आणि मी त्याच्या नावाने माझ्या गरोदर पोरीला सांगितलं, तीनपर्यंत नको. दरवर्षी मीच वाचतो हे. आईही दरवर्षी ऐकायची.

मागून कॉलनीतल्या एका मास्तरांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पुढे वाचलं. मी बाजूच्या दाराने बाहेर, विहिरीशेजारच्या नळाला तोंड लावून पाणी प्यालो. किती प्यालो माहीत नाही. शर्ट भिजला. आत लोक गुडघे टेकत असल्याचा आवाज आला.

बस पकडून दवाखान्यात. नर्सला हात जोडले, दहा मिनिटं सोडलं.

सांगितलं. सरळ. "हे देवाने मागितलं नव्हतं बाळा. मी मागितलं. मी भ्यालो होतो. डॉ. बाईंचं मला पाठ होतं, तरी मी तुला सांगितलं."

लु.ने सलाईनची नळी सरळ केली. मग म्हणाली,

"मले माहीत होतं बाबा."

"काय माहीत होतं?"

"पानी बंद नाई करायचं ते. मी लहानपनापासून ऐकून राह्यली."

"मग?"

"मी विचारलं अन् तुमी अर्धं कर म्हनले, तवा तुमचा आवाज एकदम हलका झाला. किती महिन्यांनी. मले वाटलं, मी केलं त बाबाची भीती कमी होते. म्हनून तीन वाजता फोन करत होती. तुमी 'हां' म्हनायचे न, ते ऐकाले."

तिथे आणखी काय बोललो आठवत नाही. नर्स आली.

१९ एप्रिल

म्हणजे देवासाठी नाहीच. माझ्यासाठी तहानली. मी तिच्यासाठी मागत होतो आणि ती मला सांभाळत होती, सातव्या महिन्यात, बेचाळीस डिग्रीत.

लहानपणी तिला दुखायला लागलं की मी इतका कासावीस व्हायचो की ती रडणं आवरून माझ्याकडे बघायची. मला तेव्हा वाटायचं, पोर किती सोशीक. आज कळतंय ते.

मार्थाला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, आणि उठून आत गेली. परत आलीच नाही बाहेर.

२० एप्रिल, ईस्टर

चर्चला गेलो, कारण न जाणं आणखी कठीण होतं. सगळे अलेलुया म्हणत होते. माझा आवाज लागला नाही. बायका हात मिळवायला आल्या, "लुसी कशी आहे? आम्ही रोजरी करतोय." खरंच करत आहेत, रोज सात वाजता. मला त्यांच्यासमोर उभं राहवेना.

देवाशी काय बोलायचं तेच कळेना. आजवर माझं बोलणं एकच: हे घे आणि ते दे. त्याशिवाय दुसरं बोलणं मला येतच नाही, छप्पन्न वर्षांत शिकलोच नाही. गुडघ्यावर बसलो आणि तोंड बंद. नवरा-बायकोत भांडण झाल्यावर एका खोलीत बसतात तसं.

पण उठून गेलो नाही. एवढं झालं.

२२ एप्रिल

लु. उठून बसली. भाजी-पोळी मागितली. मग संध्याकाळी डॉ. बाईंनी सुनीलला आणि मला बोलावलं. रक्तदाब चढतोय, बाळाची वाढ थांबल्यासारखी आहे. तेहतिसावाही पूर्ण नाही. आणखी थांबलं तर दोघांनाही धोका, काढलं तर बाळ अगदी लहान. गुरुवारी ऑपरेशन. टेकाम भाऊच्या सांगण्यावरून डेपोतल्या तिघांनी रक्त देऊन ठेवलंय.

विचारलं, माझ्या त्या शुक्रवारांमुळे? डॉ. बाई म्हणाल्या, "सिकलमध्ये असं होऊ शकतं. त्यामुळे झालं, त्यामुळे नाही झालं, मला सांगता येणार नाही." हे त्या दया म्हणून म्हणाल्या की खरं, तेही विचारता आलं नाही. आयुष्यभर विचारता येणार नाही.

सुनील माझ्याशी बोलत नाही. लु.ने त्याला सांगितलंय. फक्त औषधाची चिठ्ठी हातात देतो. बरोबर आहे त्याचं.

२३ एप्रिल

मार्था बोलली. चार दिवसांनी. जिन्यात माझ्या शेजारी उभी राहून, समोर बघत.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हां. म्हनली असती."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी बी भ्याली हाये. तुमाले काय वाटते, तुमीच भेता काय?" आणि रडली. एवढ्या वर्षांत तिला भीती वाटते का हे मी कधी विचारलं नव्हतं. माझीच इतकी होती की तिच्यासाठी घरात जागाच नव्हती.

दोघांनी मिळून एक रोजरी म्हटली, तिथेच, पायरीवर. माळेच्या दुसऱ्या दशकाला मी सवयीने मनात म्हणायला लागलो, प्रभू, हे झालं तर मी... आणि थांबलो. परत थांबलो. दर दहा मण्यांना ते येतंच, तोंडात आलेल्या खोकल्यासारखं.

२४ एप्रिल, गुरु.

१०.१५. स्ट्रेचर बाहेर आणलं. लु.चे हात थंड. मला बघून हसली, तेच हसू, आणि म्हणाली, "बाबा, काई नाई होत. घाबरू नका."

मी म्हटलं, "मी घाबरलोय. खूप घाबरलोय. पण ते माझं आहे, मी बघतो. तू मला सांभाळू नको आता."

तिचा चेहरा बदलला. हसू गेलं. डोळ्यांत पाणी आलं आणि तिने माझं बोट घट्ट धरलं. "मले बी भेव लागून राह्यलं बाबा," म्हणाली. पहिल्यांदा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाली. मी म्हटलं, हो गं. हो.

१०.४०. आत नेलं.

सुनील खिडकीपाशी. मार्था बाकावर. टेकाम भाऊ खाली, ड्यूटी बदलून आलाय.

११.१०. रोजरी हातात आहे. एकच वाक्य बोलून झालं आहे: मी भ्यालो आहे, ती आत आहे. पुढे काही जोडलं नाही. देण्यासारखं काही हातात नाही आणि तरी मागतोय, आणि विचित्र असं की तो ऐकतोय असं आज वाटतंय. शांत नाही वाटत. मूठ आवळलेलीच आहे. पण आज एकटा बसलोय असं वाटत नाही.

११.३०. काही नाही.

११.५५. दार उघडलं. नर्सने नाव घेतलं. उठून धावलो. दुसऱ्याच कुणाचं होतं. एक तरुण पोरगा हातात लुगडं घेऊन पुढे गेला, त्याला मुलगा झाला. लु.चं अजून काही कळलं नाही, परत वळलो.

मार्था बाकावर जरा सरकली. तिच्या शेजारी बसलो.